नृत्यशिक्षिकेच्या कामाचे तुकडे पाडू नका

नृत्य शिकवायचं, स्वतःच्या रचना बसवायच्या आणि आठवड्यातले काही तास वयस्क किंवा आजारी माणसांसाठी हालचालींचे वर्ग घ्यायचे, अशी तिन्ही कामं एकच बाई करू लागली की तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं जातं. कलावंतांच्या वर्तुळात कुजबुज होते, रंगमंचावर जम बसला नाही म्हणून ही इकडे वळली. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना वाटतं, ही शेवटी नाचणारी, हिला शरीरातलं काय कळणार. संस्था चालवणाऱ्यांना तिचं नाव कोणत्या विभागाच्या हजेरीपटावर घालायचं तेच उमगत नाही. मग ती तिन्हीकडे तासिका तत्त्वावर राहते आणि कुठेच कायम होत नाही.

माझं म्हणणं असं आहे की ही तीन कामं वेगळी नाहीतच. शरीर कसं हलतं, कशामुळे त्याला हलावंसं वाटतं आणि त्या हालचालीला अर्थ कुठून येतो, हे एकच ज्ञान तिन्ही ठिकाणी लागतं. त्याचे तुकडे पाडून आपण ते वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं. याची किंमत वर्गातलं मूल मोजतं, पार्किन्सनचा रुग्ण मोजतो आणि नृत्यकलाही मोजते.

आधी मुलांच्या वर्गाबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त हानी तिथे होते आणि ती सगळ्यात उशिरा दिसते. बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी बघता बघता उंच होते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. परवापर्यंत सहज जमिनीला टेकणारे हात आता टेकत नाहीत. गिरकीत तोल जातो, उडी जड पडते, कालपर्यंत पाठ असलेला पदन्यास पायात अडकतो. शरीराच्या मापांचा तिचा जुना अंदाजच चुकीचा ठरलेला असतो. ज्या शिक्षिकेला हे ठाऊक नाही ती म्हणते, रियाज कमी पडतोय. मुलगी घरी जाऊन दुप्पट ताण देते, दुप्पट उड्या मारते. या वयात गुडघ्याच्या खाली आणि टाचेला, जिथे स्नायूचा कंडरा हाडाला जोडलेला असतो, तिथला वाढीचा भाग अजून पक्का झालेला नसतो. ओढ पडून तो दुखायला लागतो. मग एक तर मुलगी दुखणं लपवते किंवा नृत्यच सोडते. जाणकार शिक्षिका या काळात उड्यांची संख्या उतरवते, तोलाचं काम हळूहळू नव्याने बांधते, लय, अभिनय आणि रचना यांना जास्त वेळ देते. मुख्य म्हणजे ती मुलीला आणि पालकांना स्पष्ट सांगते की हे वाढीचं लक्षण आहे, आळसाचं नाही. या एका वाक्याने किती मुली नृत्यात टिकतील याचा विचार आपण करत नाही.

दुसरी गोष्ट मांडीच्या फिरकीची. बॅलेमध्ये पाय बाहेर वळवायचे असतात, भरतनाट्यमात अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं खाली, बसायचं असतं. दोन्हीकडे फिरकी खुब्याच्या सांध्यातून यायला हवी, आणि ती किती येणार हे बऱ्याच अंशी जन्मतः मिळालेल्या हाडाच्या आकारावर ठरतं. शिक्षिकेने त्याहून जास्त मागितली की विद्यार्थिनी ती देते, पण उरलेली फिरकी गुडघा आणि घोट्यातून उसनी घेऊन. पावलं छान बाहेर वळलेली दिसतात, पण गुडघे आत झुकतात आणि तळव्याची कमान खाली बसते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. समोरून पाहायचं, गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का. नसेल तर पावलं थोडी आत घ्यायला सांगायचं. कोन कमी दिसेल, पण तो तिचा स्वतःचा असेल आणि पंचविशीनंतरही तिच्याजवळ राहील.

आता तीच शिक्षिका दुपारी सत्तरीच्या माणसांचा वर्ग घेते असं धरा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आहे. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे, वजन पावलांवर, मग जमिनीला रेटा देऊन वर. उठताना आजींचे गुडघे आत झुकतात, अगदी सकाळच्या मुलीसारखेच. अरैमंडीतून वर येणं आणि खुर्चीवरून उठणं या एकाच जातीच्या हालचाली आहेत. वयस्क शरीरात दोष उघडा दिसतो, कारण तो झाकायला तरुण स्नायूंचा जोर नसतो. तिथे तयार झालेली नजर ती मुलांच्या वर्गात घेऊन येते. म्हणूनच दुपारचे ते वर्ग म्हणजे तिचं पोटापाण्याचं जोडकाम आहे, असं समजणं मला पटत नाही. ते तिचं शिक्षणही आहे.

शरीराबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती संकोच न करता बोलायला हवी. कमी खाऊन जास्त नाचणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, पावलांत आणि नडगीत बारीक भेगा पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं, आणि हा प्रश्न फक्त स्त्रियांचा किंवा फक्त पाळीचा नसून साऱ्या शरीराला पुरेशी ऊर्जा न मिळण्याचा आहे, असं मांडलं. घरच्यांखालोखाल मुलीच्या शरीराकडे सगळ्यात बारकाईने पाहणारी मोठी व्यक्ती म्हणजे तिची नृत्यशिक्षिका. तिच्या तोंडून वजनावर निघालेला एक शेरा मुलीच्या ताटापर्यंत पोचतो. हे माहीत नसणाऱ्या माणसाच्या हाती मुलं सोपवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कला आणि शरीरविज्ञान यांना एकत्र ठेवण्याची ही मागणी काही नवी नाही. अमेरिकेत नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९२६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात सुरू झाला, आणि तो उभा करणाऱ्या मार्गारेट ह'डूब्लर या जीवशास्त्र शिकलेल्या, शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या वर्गात मानवी सांगाडा असायचा. त्या विद्यार्थिनींना आधी जमिनीवर आडवं व्हायला लावत, म्हणजे तोल सांभाळायची धडपड बाजूला राहून सांधा कसा फिरतो ते आतून कळावं. आपल्याकडे पाहून नक्कल करा, असं त्या शिकवत नसत. विद्यार्थिनींनी आपली हालचाल आपणच शोधायची. शरीरविज्ञान, शिकवणं आणि निर्मिती एकाच खोलीत होती.

बर्लिनमध्ये १९०० साली जन्मलेल्या इर्मगार्ड बार्टेनिएफ रुडॉल्फ लाबान यांच्याकडे नृत्य शिकल्या. जर्मनी सोडून अमेरिकेत गेल्यावर त्या फिजिओथेरपिस्ट झाल्या आणि पोलिओच्या रुग्णांबरोबर काम करू लागल्या. हात वर करा, खाली घ्या, अशी नुसती आवर्तनं करून घेण्यापेक्षा हालचालीला दिशा आणि कारण दिलं तर शरीर वेगळा प्रतिसाद देतं, हे त्यांनी नृत्यातून आणलं. पुढे त्यांनी बांधलेली हालचालींची पद्धत आज नर्तकांच्या प्रशिक्षणात वापरली जाते. म्हणजे ज्ञान नृत्याकडून दवाखान्यात गेलं आणि दवाखान्यातून परत नृत्याकडे आलं. वॉशिंग्टनमधल्या मॅरियन चेस यांचंही तसंच. त्यांच्या वर्गाला येणाऱ्या काहींना नर्तक व्हायचंच नव्हतं, त्यांना दुसरंच काही हवं होतं. ते काय आहे याचा माग काढत त्या १९४२ मध्ये सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात पोचल्या आणि नृत्योपचाराचा पाया घातला गेला. या तिघींना कोणी तेव्हा सांगितलं असतं की बाई, एकच काय ते निवडा, तर आज आपण किती तरी गोष्टींना मुकलो असतो.

आता नृत्यरचनेकडे येते. शिकवणाऱ्या आणि आरोग्याचे वर्ग घेणाऱ्या व्यक्तीने रचनाही कराव्यात, हा माझा आग्रह काहींना जास्तीचा वाटेल. पण माझ्या मते सगळ्यात कळीचा मुद्दा हाच आहे.

एखाद्या बाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. नुसतं ठरलेलं शिकवणारी व्यक्ती तिला म्हणते, जमेल तेवढं करा. हे वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण त्याचा परिणाम वाईट होतो. मूळ नृत्य दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि मी त्याची अपुरी नक्कल आहे, हे त्या बाईला प्रत्येक आवर्तनात पुन्हा कळत राहतं. रचना करणारी शिक्षिका वेगळा प्रश्न विचारते. हा हात वर कशासाठी जात होता? दूरचं काही दाखवायला, की श्वास मोठा करायला, की पुढच्या गिरकीला वेग द्यायला? दूरचं दाखवायचं असेल तर ते नजरेने आणि मानेने दाखवता येतं. श्वास मोठा करायचा असेल तर पाठ उघडते. वेग हवा असेल तर तो पावलातून येतो. मग जी हालचाल तयार होते ती त्या बाईची असते, तिच्यात कमी काही नसतं. एखादा तुकडा आतून कसा बांधला जातो हे ज्याने स्वतः बांधून पाहिलं आहे, त्यालाच तो न मोडता बदलता येतो.

अमेरिकेतल्या नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९७५ मध्ये आईच्या निधनानंतर एक रचना करताना वृद्धांच्या निवासातल्या माणसांना नाचायला घेतलं, आणि १९७६ मध्ये स्वतःची संस्था काढून वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकत्र रंगमंचावर आणलं. जर्मनीत पिना बाउश यांनी १९७८ ची आपली एक रचना २००० मध्ये पासष्टीच्या पुढच्या, नर्तक नसलेल्या स्त्री-पुरुषांकडून करून घेतली. तीच रचना तरुणांनी केल्यावर दिसते त्याहून वेगळी झाली, कारण एकमेकांना स्पर्श करायला कचरणारी सत्तरीतली दोन माणसं रंगमंचावर जे आणतात ते विशीतल्या नर्तकाला आणता येत नाही. हे कलेचं काम होतं. त्याचा त्या माणसांना झालेला फायदा त्यातूनच आला.

याचा उलटा धडाही आहे. जिला शरीर कळतं ती रचनाकार आपल्या नर्तकांना मोडत नाही. एकाच बाजूने उचल, एकाच पायावर उतरणारी उडी आणि प्रयोग जवळ आला म्हणून रात्री उशिरा तोच भाग पुन्हा पुन्हा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की घोटा मुरगळायला फार वेळ लागत नाही. थकलेल्या स्नायूला उतरताना धक्का झेलता येत नाही. तालमीच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना उड्या घ्याव्यात आणि शेवटी जागा आणि वेळ पक्की करण्यासाठी तोच भाग चालत करावा, इतकं नियोजन सुद्धा अनेक ठिकाणी होत नाही. नर्तकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना १९९० पासून काम करते आहे. ज्ञान उपलब्ध आहे, ते तालमीच्या खोलीत पोचायचं राहिलं आहे.

आरोग्याचा वर्ग म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन इथे २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तिथल्या पार्किन्सन रुग्णांच्या गटाबरोबर वर्ग सुरू केले. पुढे ते अनेक देशांत पोचले. वर्गाची बांधणी साधारण अशी असते. खुर्च्या गोलात. सुरुवात बसूनच होते, कारण बसल्यावर पडायची भीती नसते आणि धड, मान, हात मोकळे होतात. या आजारात हालचाल आकसत जाते, पाऊल लहान पडतं, आवाज बारीक होतो, चेहरा स्थिर होतो. म्हणून हात मोठे करायचे, बोटांच्या टोकांपर्यंत न्यायचे, नजर लांब फेकायची. मग बसल्या बसल्या पावलांनी ठेका. त्यानंतर खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. आणि शेवटी खोली ओलांडणं.

इथे एक गोष्ट घडते. दारात किंवा वळताना ज्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, असे एक गृहस्थ उभे आहेत. पुढे चला म्हणून ते पुढे जात नाहीत. ढकललं तर पडतील. शिक्षिका त्यांच्या शेजारी येते, आधी वजन डावीकडे-उजवीकडे झुलवते, ताल तोंडाने मोजते, आणि समेवर पाऊल टाकते. त्यांचंही पाऊल पडतं. मेंदूतल्या ज्या भागाकडून चालण्यासारखी सवयीची हालचाल आपोआप सुरू व्हायची, तो या आजारात कमजोर होतो. बाहेरून आलेला ताल किंवा जमिनीवर आखलेली रेघ दुसऱ्या वाटेने हालचाल सुरू करून देते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पार्किन्सनच्या रुग्णांना टँगो शिकवून अभ्यास झाले आणि त्यांच्या तोलात सुधारणा दिसली. टँगोत मागे चालणं आहे, थांबून पुन्हा निघणं आहे, वळणं आहे, म्हणजे नेमकं तेच जे या रुग्णांना अवघड जातं. व्यायामाच्या तक्त्यावर हेच प्रकार लिहिता येतील, पण तक्त्यासाठी कोणी नीटनेटके कपडे करून वेळेआधी येऊन बसत नाही.

इतकं म्हटल्यावर दाव्यांबद्दलही बोललं पाहिजे. नृत्याने विस्मरणाचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असं जाहिरातींत सर्रास सांगितलं जातं. हा आकडा २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या अभ्यासातून उचललेला आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांना काही वर्षं पाहिलं गेलं. शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्याचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. पण त्याच अभ्यासातली संभाव्य मर्यादा पाहिली तर घट ९४ टक्के असू शकते आणि फक्त १ टक्काही असू शकते. शिवाय हे निरीक्षण होतं, कुणाला नृत्य नेमून देऊन केलेला प्रयोग नव्हता. ज्यांची स्मृती शाबूत तेच नाचायला जात राहिले, अशीही शक्यता उरते. या कामावर माझं मनापासून प्रेम आहे म्हणूनच मला हा आकडा फलकावर पाहून वाईट वाटतं. लोकांना खोटी आशा दाखवून भरलेला वर्ग एक दिवस रिकामा होतो आणि सोबत विश्वासही घेऊन जातो.

त्या आकड्याची आपल्याला गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या विविध हालचाली कराव्यात. नीट बांधलेल्या नृत्यवर्गात हे सगळं असतं. प्रश्न माणूस सहा महिन्यांनी, वर्षाने येत राहतो का हा आहे. तो येतो, कारण संगीत असतं, शेजारच्या खुर्चीतलं माणूस त्याची वाट पाहत असतं आणि पुढच्या महिन्यात काही तरी सादर करायचं असतं. नृत्यातली कला काढून घेऊन फक्त तिचा आरोग्यगुण ठेवायला जावं तर नेमकं हेच कारण नाहीसं होतं. म्हणून जिथे नृत्याला औषधाच्या मात्रेत मोजायचा प्रयत्न होतो, तिथे नृत्यशिक्षिकेने ठामपणे सांगावं की मी इथे नृत्य शिकवते आहे.

मर्यादा मात्र हवी. नृत्योपचार हा वेगळा व्यवसाय आहे. त्यासाठी मानसशास्त्राचं शिक्षण आणि देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम लागतं. अमेरिकेत त्याची संघटना १९६६ पासून आहे. आठवड्याच्या शिबिरातून कोणी उपचारक होत नाही, आणि तशी पाटी लावणाऱ्यांनी या क्षेत्राचं नुकसान केलं आहे. शिक्षिकेला निदान करता यायची गरज नाही, पण थांबायचं कधी हे कळलं पाहिजे. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सुजलेला सांधा, अचानक आलेली चक्कर, बंद पडलेली पाळी किंवा अलीकडे झालेलं पडणं कानावर आलं, की आधी डॉक्टर, मग वर्ग.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. तीन ठिकाणी वेळ दिला तर एकातही खोली येत नाही. वेळेपुरतं हे खरं आहे. मोठी रचना बसवण्याच्या महिन्यांत बाकीची कामं मागे पडतातच, आणि कुणाचा कल शिकवण्याकडे जास्त असतो, कुणाचा निर्मितीकडे. सगळ्यांनी तिन्ही सारखीच करावीत असं मी म्हणत नाही. पण खोली येते ती एकच प्रश्न बराच काळ धरून ठेवल्याने. शरीर कसं हलतं हा प्रश्न एका वयाच्या, एका घडणीच्या, निरोगी शरीरांपुरता ठेवला तर उत्तरही तेवढंच मिळतं.

आज प्रत्यक्षात काय होतं, तर नृत्याच्या अभ्यासक्रमात शरीररचना हा एक पाठ करून विसरायचा पेपर असतो. शिक्षिकेला पैसे मिळतात ते फक्त वर्गातल्या तासाचे. रचना करायला, तालमीची आखणी करायला, रुग्णाच्या फिजिओथेरपिस्टशी बोलायला लागणारा वेळ कुणी मोजत नाही. घोटा मुरगळला तर उत्पन्न बंद. अशी परिस्थिती असताना चांगली माणसं या कामात दीर्घकाळ राहतील, अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

नेमणुकीची पद्धत बदलली तरी बरंच साधेल. मुलाखतीत प्रमाणपत्रं पाहून झाली की उमेदवाराला एक छोटी रचना द्यावी आणि समोर तीन माणसं उभी करावीत: वाढीच्या वयातली एक मुलगी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ आणि एक कसलेला नर्तक. तासाभरात तिने ती रचना तिघांसाठी बांधून दाखवावी, आणि का बदलली ते सांगावं. ज्या बाईला हे जमेल तिला तीन विभागांत तासिका वाटून देण्याऐवजी एकच पूर्णवेळ पद द्यावं. त्यात रचनेचे आणि आखणीचे तास कामाचे म्हणून धरावेत, दुखापतीची भरपगारी रजा असावी आणि दवाखान्याशी बोलायची अधिकृत मुभा असावी. असं पद कला विभागाने काढायचं की आरोग्य विभागाने, हे त्या दोघांनी आपापसांत ठरवावं, पण खर्च दोघांनी मिळून उचलावा, कारण फायदा दोघांनाही होणार आहे.